कमी ऐकणारा अँटेना

“जो अँटेना कमी ऐकतो, तोच खरं ऐकतो!” हे ब्रह्मवाक्य आमच्या दाजींनी उच्चारलं, तेव्हा ताई त्यांना तिसऱ्यांदा विचारत होती, “चहा टाकू का?” ते काही त्यांच्या कानावर गेलं नव्हतं.

दाजी हौशी रेडिओवाले. सातासमुद्रापलीकडे त्यांचा एक मित्र, बोटीवरून निवृत्त झालेला वायरलेस ऑपरेटर. घरात त्याला सगळे बोटीवालाच म्हणत. बावीस वर्षं दर रविवारी चारला दोघांच्या रेडिओवर गप्पा. पण गेले तीन महिने नुसती खरखर; बोटीवाला तिच्यात पार बुडाला होता. आज तर तो घर सोडून फ्लॅटमध्ये जाणार होता आणि संध्याकाळी त्याचा अँटेनाचा खांब उतरणार होता. आज ऐकू आला तर आला.

म्हणून हा नवा अँटेना. निवडायला चार आठवडे लागले; ताईला पाहायला ते एकदाच, पंधरा मिनिटं आले होते. गच्चीवरची उंच तार म्हणे साऱ्या गल्लीची खरखर गोळा करते. हे छोटं कडं मात्र जमिनीलगत ठेवायचं, नेमकं फिरवलं की खरखरीपुरतं बहिरं होतं.

“नवऱ्यांना हे कड्याशिवाय जमतं,” ताई म्हणाली.

कडं धरून मी अंगणात गिरक्या घेत होतो. खिडकीतून दाजी ओरडत होते, “डावीकडे! अहो मेहुणे, माझ्या डावीकडे!”

खरखर हटेना. मग आरोपी शोधणं सुरू झालं. आधी फ्रिज, मग वॉशिंग मशीन, मग शेजारचे दातांचे डॉक्टर. त्यांना दाजींनी ड्रिल थांबवायला सांगितलं. डॉक्टरांच्या आधी खुर्चीतल्या पेशंटनेच मान डोलावली.

शेवटी ताई उठली. “घ्या, सगळंच बंद!” म्हणत तिने मीटरजवळची सगळी बटणं खाली ओढली. रेडिओ बॅटरीवर चालू होता. खरखर गायब!

“बघितलंत? निवड कुणाची!” दाजी गरजले.

ताईने एकेक बटण वर केलं. फ्रिज, शांत. मशीन, शांत. दाजींची खोली, खर्रर्र.

त्या खोलीत विजेवरची वस्तू एकच होती. रेडिओला शुद्ध वीज मिळावी म्हणून दाजींनी तीन महिन्यांपूर्वी आणलेला बॅटरीचा चार्जर. मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तसा ताईने तो दोन बोटांनी उपटला.

चार वाजले. “कसा आहेस रे?” बोटीवाल्याचा आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा. दाजींचे डोळे भरून आले. बावीस वर्षांची मैत्री, कड्याचा कोन, निवडीची तपश्चर्या, सलग सात मिनिटं ते बोलले. चार्जर तेवढा राहून गेला. मग त्यांनी माइकचं बटण सोडलं.

“सगळं ऐकलं,” बोटीवाला म्हणाला. “खांब उतरवणारे दारात ताटकळलेत रे. तू आता हे बंद कर आणि फोन लाव ना. जरा निवांत बोलू.”