दोन नंबरची डिस्क

हर्षदनं प्लेअर उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पत्र्यावरचा मॉडेल नंबर नाकाजवळ धरून वाचला.

"ताई, रिमोट आणलाय ना? ह्याचाच पाहिजे."

राधानं पिशवीतून रिमोट काढला. तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर रबरबँड लावलेला होता. म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढल्यावर निवृत्त झालेल्या राधाला वस्तू अशाच ठेवायची सवय होती.

"वा," हर्षद म्हणाला. "लोक प्लेअर आणतात, रिमोट घालवून येतात. रिमोट नसला की वाट लागली."

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला त्याचा गाळा आता सगळा टीव्हीनं भरलेला होता. तडकलेले पडदे भिंतीला पाठ लावून उभे होते. बाहेरच्या पाटीवर 'डीव्हीडी' ही अक्षरं मात्र अजून शाबूत होती, आणि त्या अक्षरांच्या भरवशावरच ती आत आली होती.

"काय दाखवतो हा?"

"डिस्क घातली की इंग्रजीत लिहून येतं, ही डिस्क तुमच्या भागात चालणार नाही. माझी मुलगी प्रियंका बंगळूरला असते. तिला फोटो पाठवला तर म्हणाली, कव्हरवर पृथ्वीच्या चित्रात दोन आकडा आहे, तो बघ. तिच्या लॅपटॉपला तर डिस्क घालायला फटच नाही."

हर्षदनं डिस्कचं कव्हर हातात घेतलं. कव्हरवर जपानी अक्षरं होती. खाली छोट्या फोटोत फेटा बांधलेला एक माणूस कानावर हात ठेवून गात होता.

"जपान म्हणजे दोन नंबर. आपला पाच. कंपन्यांनी जगाचे सहा वाटे केले होते, ज्याची त्यानं आपापल्या वाट्यात बघायची. हे कोण?"

"वडील माझे. शाहीर धोंडिराम. मानखुर्दला जलसा होता त्यांचा."

हर्षदनं मान हलवली. नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं, पण तसं तो म्हणाला नाही. त्यानं ट्रे बाहेर काढला, डिस्क न ठेवताच रिमोटवर चार-पाच आकडे भराभर दाबले. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी चौकट आली. तिच्यात पाच होता. बाणाचं बटण दाबत त्यानं तो आकडा उतरवत आणला आणि शून्यावर थांबला.

"झालं."

"झालं?"

"शून्य म्हणजे कुठलीही लावा."

राधा पदर सावरून बसली होती ती तशीच बसून राहिली. दुपार जाईल असं धरून ती घरून जेवून निघाली होती.

"हे दोन हजार सहा साली होत होतं?"

"तेव्हा? तेव्हा तर रोज दहा-दहा करायचो. लोक दुबईवरून आणायचे, अमेरिकेतून आणायचे. आता वर्षभरात तुम्हीच पहिल्या." त्यानं डिस्क ट्रेवर ठेवली. पडदा काळा झाला, मग जपानी अक्षरं उमटली, आणि मागून ढोलकीवर एक थाप पडली.

"राहू दे," राधा घाईनं म्हणाली. "घरी लावते. आईबरोबर."

ढोलकी अर्ध्या थापेत बंद झाली.

धोंडिराम सांगोल्याकडून बायकोला घेऊन मुंबईत आला होता. दिवसा गोदीत पोती उचलायची आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीवस्तीतून गायचं, असा त्याचा क्रम चाळीस वर्षं चालला. बासष्ट गाणी त्याच्या नावावर होती. पाटीचं गाणं तर असं पसरलं होतं की, मराठवाड्यातल्या जयंतीच्या मिरवणुकीतही लोक ते म्हणायचे. कॅसेटी होत्या, त्यांना बुरशी आली. अठ्ठ्याण्णव साली एक जपानी बाई कॅमेरा घेऊन मानखुर्दला आली, पंधरा दिवस मागे मागे फिरली आणि निघून गेली. आठ वर्षांनी तिच्याकडून ही डिस्क आली. शेजाऱ्याच्या प्लेअरवर ती लागली नाही. "कोरी पाठवली बाईनं," एवढं धोंडिराम म्हणाला. आणखी चार वर्षांनी तो गेला.

आता पंधराव्या स्मृतिदिनाला मानखुर्दच्या विहारात कार्यक्रम होता. राधाचा भाचा विकी, तिच्या थोरल्या भावाचा मुलगा, समितीचा सचिव होता. गाण्यांचं पुस्तक निघणार होतं, त्याची प्रुफं त्यानं आत्याकडे वाचायला दिली होती. 'शाहीर धोंडिराम यांची बासष्ट गाणी.' आवाज मात्र कुणाकडेच नव्हता.

घरी राधाची आई जानकी खाटेवर बसून सुपात लसूण सोलत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती, डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून तिला पुन्हा चांगलं दिसायला लागलं होतं. राधानं वायरी जोडल्या. डिस्क आत गेली. प्लेअर थोडा घरघरला आणि पडद्यावर मानखुर्द आलं.

पत्र्याची घरं, उघडं गटार, त्यावर टाकलेली फळी. फळीवरून धोंडिराम येत होता, काखेत डफ. पासष्टीचा धोंडिराम, आत्ताच्या राधाहून फार मोठा नव्हता.

"हा सदरा मी शिवलेला," जानकी म्हणाली.

गाणं सुरू झालं तेव्हा राधानं आवाज वाढवला. बाबांचा आवाज तिला जसा आठवत होता त्यापेक्षा जाड होता, आणि शेवटचं अक्षर ते इतकं लांबवायचे हे ती विसरूनच गेली होती. दुसरं गाणं झालं. मग कोरसवाल्यांशी बोलणं झालं. त्यातले दोघे आता नव्हते, ते जानकीनं नावानिशी सांगितलं.

मग धोंडिराम घराच्या उंबऱ्यावर एकटाच बसलेला दिसला. प्रश्न विचारणारी बाई दिसत नव्हती. तिचा जपानी आवाज आधी यायचा आणि मागोमाग दुभाष्या मुलाचं पुस्तकी मराठी. धोंडिराम बोलायला लागला की खाली जपानी अक्षरं पळायची.

"तुम्ही ही गीते केव्हा लिहिता, असे त्या विचारत आहेत."

धोंडिराम हसला. त्यानं डफाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"म्या न्हाई लिहीत," तो म्हणाला. "ही बांधती. आमची मंडळी. भाकरी थापता थापता बांधती नि मला म्हणून दाखवती. तिला लिहाय येत न्हाई, म्हून मी उतरून घेतो, पाठ करतो, गातो."

दुभाष्यानं ते जपानीत सांगितलं असावं. बाईचा आवाज पुन्हा आला.

"तर मग गीतांवर नाव तुमचे कसे?"

"तवा वाटलं, बाईचं गाणं कोण ऐकंल. मग गाणी चालली, माझं नाव झालं. आता कुठल्या तोंडानं सांगू? हितं कुणाला ठाव न्हाई, माझ्या पोरांना बी न्हाई." तो कॅमेऱ्याकडे बघत थांबला. "तिकडं जपानात सांगा त्यास्नी. तिकडं चालतंय."

त्याच वेळी त्याच्या मागच्या अंधाऱ्या दारातून डोक्यावर पदर घेतलेली एक बाई चहाची ताटली घेऊन बाहेर आली, ती खाली ठेवून आत गेली.

राधानं रिमोट दाबला. धोंडिराम तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबला.

जानकी लसूण सोलतच होती.

"आई, खरं आहे हे?"

"आता त्योच सांगतोय तर खरंच आसंल."

"सगळी?"

"दोन त्याची हायत. दारूवरची." जानकीनं एक पाकळी नखानं फोडली. "ती बी बरी हायत."

राधा उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. बाबांवर तिनं तीन लेख लिहिले होते. दरवर्षी भाषण करायची. स्त्रीच्या मनातलं एवढं बाबांना कसं कळायचं, हे वाक्य प्रत्येक भाषणात असायचं आणि टाळ्या घ्यायचं.

"तू कधी बोलली नाहीस."

"कुणी इचारलं?"

राधा म्हणाली, "निदान जपानी बाईला तरी सांगितलं त्यांनी. आणि तीच डिस्क कोरी निघाली असं वाटून गेले. केवढं लागलं असेल त्यांना."

जानकीनं हात थांबवून मान वर केली. सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"लागलं? डिस्क आली तवा आठ दिस त्यानं पाकीट फोडलं न्हाई. जेवणात ध्यान न्हाई. चालताबोलता म्हणायचा, मी काय बोलून बसलो जानके. मग शेजारच्यानं लावली, ती लागंना. कोरी हाय म्हणला. त्या दिशी तुझ्या बापानं मटण आणलं. आख्ख्या गल्लीला घातलं. तू बी होतीस की."

राधा होती. प्रियंकाला घेऊन गेली होती. बाबांनी स्वतःच्या हातानं राधाच्या ताटात नळी घातली होती, आग्रह करकरून वाढत होते. कलावंत आहे, अपमान गिळतोय आणि लोकांना जेवू घालतोय, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. एका लेखात तिनं ते लिहिलंही होतं.

ती पडद्याकडे बघत राहिली. थांबलेल्या चित्रात बाबांचा अंगठा डफाच्या कडेवर होता. रागवावं असं तिला वाटत होतं, पण राग कुठून सुरू करावा ते सापडत नव्हतं.

"विकी येईल आता डिस्क न्यायला," ती शेवटी म्हणाली. "काय सांगू त्याला?"

"बोललाय न्हवं त्यो?" जानकीनं सूप परत मांडीवर घेतलं. "मग बोलू दे."

उरलेली डिस्क दोघींची बघून झाली तोवर, पाचच्या सुमाराला, विकी बँकेतून परस्पर आला. चपला काढता काढताच त्यानं विचारलं, "आत्या, लागली?"

"लागली."

"झकास! आवाज आहे?"

"आहे."

"मग पाटीचं गाणं तेवढं घेऊ. पाच मिनिटं बास. नंतर सत्कार आहेत, पाहुण्यांना निघायची घाई."

राधानं वायरी काढून गुंडाळल्या. प्लेअर आणि रिमोट एका कापडी पिशवीत घातले. "दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालणार नाही, हेच ने. चोविसाव्या मिनिटापासून लाव."

"तिथं गाणं सुरू होतं?"

"गाणं एकतिसाव्याला. त्याच्या आधी बाबा बोलतात. ते कापू नको."

"सात मिनिटं? काय बोलतात एवढं?"

राधानं जानकीकडे पाहिलं.

"थितंच ऐक," जानकी नातवाला म्हणाली. "समद्यांबरोबर."

विकी हसला, आजीच्या पाया पडला. दारातून वळून म्हणाला, "प्रुफं? छापखान्यात उद्या द्यायचीयत."

"उद्या देते."

"वाचून झालीत ना?"

"उद्या देते म्हटलं ना रे."

तो गेल्यावर राधानं प्रुफांचा गठ्ठा खाटेवर आणला. पहिल्या पानावरच्या नावावर पेन धरलं. धरलेलं पेन बराच वेळ तसंच राहिलं.

"ते मागनं बघ," जानकी म्हणाली. "आधी आतलं नीट कर. वाच."

"कुठलं?"

"पाटीचं."

राधानं पान काढलं आणि चाल न लावता, रिपोर्ट वाचावा तसं वाचायला सुरुवात केली. "'पाटी धरली लेकीनं, खडू धरला सुनेनं. अंगठा तिचा राहिला निळा—'"

"तिचा न्हाई."

"मग?"

"तुझ्या बापानं केलं ते. बाप्या माणसानं लोकांपुढं कसं म्हणायचं, म्हून." जानकीनं लसणाचे हात पदराला पुसले. "मी 'माझा' बांधलं हुतं."

राधानं 'तिचा'वर रेघ मारली आणि वरच्या रिकाम्या जागेत 'माझा' लिहिलं.

"लिवलंस?"

"लिहिलं."

"मग फुडं वाच."