नव्या आली की पंप गप्प

नव्याच्या मामाचा, नागेंद्रचा, म्हैसूरजवळ बेळगोळला सूत रंगवायचा चार टाक्यांचा कारखाना होता. तिथला पाण्याचा पंप महिनाभर विचित्र आवाज करत होता. पोटात खडी भरून कुणी घुसळावी तसा. पाइप तर असा थरथरायचा की भिंतीचा गिलावा सुटायला लागला. यंत्रांची कंपनं मोजणं हा नव्याचा धंदाच, तेव्हा मामाने तिलाच फोन केला. पण ती दारात आली की पंप गप्प.

पहिल्या खेपेला तिने सेन्सर चिकटवून पाहिला. आकडे कोऱ्या पंपाला शोभावेत असे. ती म्हैसूरला घरी पोचते न पोचते तोच मामाचा फोन आला, परत सुरू झालं म्हणून. मोबाइलवर त्याने आवाज ऐकवला, तर खरंच खडखड. पंपाला पाणी कमी पडलं की असं होतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला तिने हौदाची पातळी पाहिली, जाळी काढून धुतली, बेअरिंगही बदलून घेतलं. पंप आपला गरीब गाईसारखा चालत राहिला, आणि संध्याकाळी पुन्हा फोन.

तिसऱ्या खेपेनंतर तिची मती गुंग झाली. सेन्सर बिघडला म्हणावं, तर दुसरीकडे तो बरोबर दाखवत होता. मामा थट्टा करतोय म्हणावं, तर तो तसला माणूस नव्हे. रात्री अंथरुणावर तिला आपल्याच कानांचा भरवसा वाटेना.

रविवारी ती हिनकलला मामाकडे जेवायला गेली. मामा बाहेर गेला होता. गौरामामी भातावर सारू वाढता वाढता म्हणाली, आता हे रोज दुपारीच घरी येतात, एकच टाकी चालते अल्वा, हो ना?

"पण मी गेले तेव्हा चारही चालू होत्या, मामी."

मामीचा हात थांबला. "चार? दिवाळीपासून चार कुठं चालल्यात?"

नव्याला काहीच उमगेना. दुसऱ्या दिवशी ती न कळवता बेळगोळला गेली. फाटकापासूनच खडखड ऐकू येत होती. आत रंगाची एकच टाकी पाणी घेत होती, बाकी तिन्हींचे व्हॉल्व्ह बंद. तिने पाइपवर हात ठेवला, तर मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. तिने एकेक व्हॉल्व्ह उघडत नेला. दुसऱ्याला आवाज मंदावला, तिसऱ्याला विरला.

पंप चार टाक्यांच्या मापाचा होता. एकीपुरतंच पाणी बाहेर जाऊ लागलं की उरलेलं आतल्या चाकातच उलटं फिरायचं, पात्यांवर आदळायचं, बुडबुडे फुटायचे. ती खडखड त्यांचीच. आणि ती यायची त्या दिवशी मामा रिकाम्या टाक्यांतूनही साधं पाणी खेळवायचा.

मामा मागे येऊन उभा होता. त्याची नजर आधी व्हॉल्व्हकडे गेली, मग जमिनीकडे.

"का, मामा?" तिने विचारलं.

"तू पहिल्यांदाच माझ्याकडे कामाला आलीस. तुला तीन कोरड्या टाक्या कशा दाखवू? अक्काच्या कानावर गेलं असतं." अक्का म्हणजे नव्याची आई. मग तो म्हणाला, "त्यामुळंच आवाज जातो, हे माझ्या डोक्यात आलं नाही, नोडु, बघ."

रागवावं की त्याचा हात धरावा, तिला कळेना. तिने कामाचंच बोलायचं ठरवलं. पंपापासून हौदाकडे परत जाणारा एक आडपाइप बसवला की थोडं पाणी फिरत राहील आणि आवाज थांबेल, असं तिने सांगितलं. दोन दिवसांत पाइप बसला आणि पंप शांत झाला. पण वीज फुकट जात होती. लहान पंप घ्यायचा तर किती टाक्यांच्या मापाचा, हे तिने भीत भीत विचारलं.

मामाने टाक्यांवरून एकदा नजर फिरवली.

"एकीच्याच मापाचा बघ," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी कामं येतील, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं. पण ते खरं की खोटं हे तिचं तिलाच ठरवता येईना. म्हणून तिने लहान पंपाच्या हिशेबासाठी टाकीची उंची विचारली.