पेशींचं उष्टं पाणी

२०११ सालच्या एका मंगळवारी ताईने प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या, पायांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि सरळ होत धाकट्या बहिणीला विचारलं,

“कशी दिसते मी?”

“अगं, त्या पिशव्या चपलांवरून घालायच्या असतात.”

“पायांचं नाही विचारत. चेहऱ्याचं विचारतेय.”

ताईला तेव्हा सदुसष्टावं लागलं होतं. पाच वर्षांपूर्वी छातीतली गाठ निघाली, कॅन्सरची. त्या गाठीबद्दल ती चकार शब्द काढत नसे. सुरकुत्यांबद्दल मात्र उठता-बसता बोले. पुढच्या महिन्यात शाळेच्या मैत्रिणी जमणार होत्या आणि त्यांतल्या एकीचा चेहरा म्हणे इस्त्री केल्यासारखा झाला होता. ताईने खोदून खोदून चौकशी केली. त्वचेचे एक डॉक्टर स्टेम सेलच्या स्रावाची इंजेक्शनं देत होते. तिने शुक्रवारची वेळ घेऊनही टाकली होती.

“तुझ्याकडे तेच चालतं ना? मग एका शब्दात सांग. घेऊ की नको?”

धाकटी त्या प्रयोगशाळेची प्रमुख होती, पण ताईपुढे धाकटीच. तिने ताईला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. स्टेम सेल म्हणजे मूळच्या, अजून कशातच न मुरलेल्या पेशी. त्या बाटलीत पातळ खाद्यात वाढवायच्या. वाढताना त्या त्यात नाना तऱ्हेचे स्राव सोडतात. मग पेशी गाळून बाजूला काढायच्या आणि उरलेलं पाणी कॅन्सरच्या पेशींवर घालायचं. प्रयोगशाळेत सगळे त्याला उष्टं पाणी म्हणत.

“मग काय होतं?”

धाकटीने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. तिने चष्मा पुसायला घेतला की सरळ उत्तर येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“कधी कॅन्सर वाढतो, कधी दबतो.”

“तू संशोधन करतेस की हवामानाचा अंदाज सांगतेस?”

पलीकडच्या टेबलावरचे दोन मदतनीस खाली मान घालून हसले, पण एकमेकांकडे न पाहता. त्यांचं बोलणं बंद होतं. एकीला सगळे घाईबाई म्हणत, दुसऱ्याला चिक्कू. पेशी एकाच मुळाच्या, त्या वाढवायचं उबदार कपाट एकच. तरी घाईबाईच्या उष्ट्या पाण्याने कॅन्सर दबे आणि चिक्कूच्या पाण्याने तरारून उठे. “ह्याच्या हाताला गुण नाही,” ती म्हणे. “हिला धीर नाही,” तो म्हणे.

समजावून सांगण्यासारखं आणखी काही उरलं नाही, तेव्हा धाकटीने ताईला काहीतरी बघण्यासारखं दाखवायचं म्हणून दोघांच्या बाटल्या मागवल्या. ताईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“ह्यात ऐसपैस बसल्यात. आणि ह्यात अगदी खचाखच गं, एकमेकींच्या मांडीवर!”

धाकटीने तिला जवळजवळ ढकललंच. ती वर्षभर दोघांचे आकडे पाहत आली होती; बाटल्या शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. बऱ्याच वेळाने तिने डोकं वर केलं.

“चिक्कू, यांना ताजं खाद्य कधी दिलं होतंस?”

“वाया जाऊ नये म्हणून मी… जरा थांबतो, मॅडम. बाटली गच्च भरली की मगच पाणी काढतो.”

“मी सांगतच होते!” घाईबाई म्हणाली.

“काय सांगत होतीस? तू बोलत तरी होतीस का माझ्याशी?”

ताईने पर्स मांडीवर घेतली. “म्हणजे पोटभर खाल्लं आणि हातपाय पसरायला जागा मिळाली की चांगलं पाणी सोडतात, उपाशी नि दाटीवाटीत असल्या की विष?”

“तसं दिसतंय. पण खात्री करावी लागेल.”

“कशाला? मी चार जावांत राहिलेय.”

“ताई, ही काचेतली गोष्ट आहे. माणसाच्या शरीरात काय होईल, ते यावरून सांगता येत नाही. पुरावा अपुरा आहे. घ्यावं असंही म्हणता येत नाही आणि…” पदर काचेवरून गोल गोल फिरत होता.

“बरं. म्हणजे तू नाही म्हणत नाहीस.”

ताई उठली. दारापाशी भिंतीला टेकून तिने वाकून एका पायातली पिशवी काढली.

“नको घेऊस,” धाकटी म्हणाली.

चिक्कूच्या हातातली बाटली तशीच राहिली. मॅडमच्या तोंडून ‘परंतु’ नसलेलं वाक्य त्याने प्रथमच ऐकलं होतं.

“हे तुझ्या पेशी सांगतायत?”

“नाही. मी सांगतेय.”

चष्मा टेबलावर पडला होता. ताई क्षणभर तशीच एका पायावर उभी राहिली.

“मग एवढा वेळ बाटल्या कसल्या दाखवत होतीस?” ती म्हणाली, आणि दुसऱ्या पायातल्या पिशवीवरूनच चप्पल चढवून चालती झाली.

शुक्रवारी ती डॉक्टरांकडे गेली, पण फक्त विचारायला: तुमच्या पेशी जेवल्या होत्या का? डॉक्टर म्हणाले, बाई, पेशी जेवत नसतात. “माझ्या बहिणीकडच्या जेवतात,” असं म्हणून ती उठून आली. मैत्रिणींच्या मेळाव्यात तिने हा किस्सा रंगवून सांगितला. इस्त्रीवालीला हसू आलं होतं म्हणतात, पण चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही.

घाईबाई आणि चिक्कूने एकमेकांच्या बाटल्या सांभाळून सगळे प्रयोग पुन्हा केले. ते आता लग्न करणार असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी केलीही, पण वेगवेगळ्या माणसांशी. चिक्कूची आता स्वतःची प्रयोगशाळा आहे. तिथल्या पेशी म्हणे माजल्यात. धाकटीचा निबंध छापून आला. त्याचं शेवटचं वाक्य ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हेच होतं.

ताई एक्याऐंशीव्या वर्षी हृदयविकाराने गेली, एकूण एक सुरकुतीसकट. तिचं कपाट आवरताना चांगल्या साड्यांच्या खाली निळ्या प्लास्टिकची एक पिशवी निघाली. जोड नव्हे, एकच.

धाकटीने चष्मा काढला. पुसला मात्र नाही.