कप्तानीण आणि मधमाशा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावानं बोटं मोडायला नकोत. त्या कादंबरीचा शेवट मी बदलला. ठरवून नाही, पण बदलला, आणि तोही तीन बायकांच्या समोर, डोळ्याची पापणी न लववता.

आता पहिल्यापासून सांगते.

माझी आई पुस्तकं शिवते. ती बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला आहे. वाचनालयातली खिळखिळी झालेली पुस्तकं तिथं येतात. त्यांची जुनी शिवण उसवायची, फर्मे सुटे करायचे, ते पुन्हा शिवायचे, खळ लावायची आणि नवा पुठ्ठा चढवून परत पाठवायचं. फर्मा म्हणजे घडी घातलेली सोळा पानं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक आकडा असतो. त्या आकड्यांनुसार फर्मे लावले की पुस्तक तयार. काम सोपं वाटतं ना? थांबा जरा.

घराची किल्ली आईकडे असते, म्हणून शाळा सुटली की मी थेट कारखान्यात जाते आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसून गृहपाठ करते. एके दिवशी तिथला रेडिओ कायमचा बंद पडला. खळ लावणारी मावशी वैतागली. शांततेत तिला म्हणे झोप येते. ती मला म्हणाली, "ए पुटपुटे, मोठ्यानं वाच की काहीतरी, कान गंजले माझे."

पुटपुटी हे माझं नाव शाळेतही होतं. वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले की बाई विचारायच्या, आवाज काय दप्तरात ठेवलायस का. पण कारखान्यात कोण हसणार होतं? मी समोरचा गठ्ठा उचलला आणि सुरू झाले.

मग पद्धतच पडली. मी एक फर्मा वाचायचा आणि आईच्या हातात द्यायचा. तिनं टाके घालेपर्यंत मी पुढचा उघडायचा. मी अडखळले की आईचं दाभण थांबायचं आणि माझा वेग वाढला की तिचाही वाढायचा. पुस्तक ऐकून संपायचं तेव्हा शिवूनही झालेलं असायचं. चष्मेकाकू तर म्हणायची, आपण ही पुस्तकं कानानं बांधतो. चष्मेकाकू म्हणजे पुस्तकं उसवणारी. चष्मा कपाळावर ठेवून दिवसभर तोच चष्मा शोधते.

आणि मग ती कादंबरी आली!

तिच्यात एक बाई असते. मोठ्या बोटीवर स्वयंपाकाला. भर वादळात कप्तान तापानं आडवा होतो, बाकीचे देवाचा धावा करत बसतात आणि ही हातातलं पातेलं ठेवून, कप्तानाची टोपी डोक्यावर चढवून सुकाणू धरते. इतकी वर्षं ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्रच तर बघत आलेली असते! आम्ही तिचं नाव ठेवलं कप्तानीण. तीन दिवस, दहा फर्मे, आणि आमच्या अंगात जणू तीच आली होती. चष्मेकाकूनं दिराला सांगून टाकलं की टीव्हीचा रिमोट रोज तासभर तिच्याकडे राहील. मावशी एरवी बसमध्ये कोपर लागलं तरी अंग आक्रसून घ्यायची, ती म्हणे एका माणसाकडे नुसती कप्तानिणीसारखी बघत राहिली आणि तो पुढच्या स्टॉपला उतरूनच गेला. खरं-खोटं मावशी जाणे.

आणि मी? मी वर्गात पाठ वाचला. शेजारच्या वर्गातून निरोप आला, जरा हळू.

एकट्या आईवर काही परिणाम दिसत नव्हता. ती ऐकायची, टाके घालायची, गप्प. आणि गरज तर सगळ्यांत जास्त तिलाच होती.

त्याचं असं झालं. कारखान्याचे मुकादम, ज्यांना सगळे थोरले मास्तर म्हणायचे, दोन महिन्यांपूर्वी नजर गेली म्हणून घरी बसले. तेव्हापासून कुठलं पुस्तक कधी जायचं, कुठला कागद कुठं वापरायचा, सगळं आईच बघत होती. पण प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत एक छोटी छापील चिठ्ठी चिकटवतात, 'बांधणी' आणि पुढे मुकादमाचं नाव. त्या चिठ्ठीवर अजूनही मास्तरांचंच नाव होतं. आणि शनिवारी मालक नवा मुकादम ठरवणार होते. नवा म्हणजे त्यांचा भाचा. तो महिनाभर काम शिकायला येत होता. माणूस वाईट नव्हता, पण पुस्तकाकडे तो विटेकडे बघावं तसा बघायचा.

मी आईला म्हटलं, तू माग ना. ती म्हणाली, "जाऊ दे." आईचं हे आवडतं वाक्य. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं, जाऊ दे. मामानं घराच्या कागदावर तिला न विचारता सही केली, जाऊ दे. या दोन शब्दांवर तिनं माझं अख्खं आयुष्य काढलंय.

बुधवारी आम्ही शेवटाला आलो. कप्तानिणीनं बोट बंदरात आणली होती. कंपनीचे साहेब लांब टेबलामागे बसले होते. मोठ्या साहेबानं विचारलं, ही बोट कुणी आणली. आजारी कप्तान घसा खाकरतोय, नोंदवहीत स्वतःचं नाव लिहून मोकळा झालाय. दहाव्या फर्म्याची शेवटची ओळ होती, 'तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि'.

मावशीचा ब्रश हवेत. चष्मेकाकूचा चष्मा चक्क डोळ्यांवर. मी अकरावा फर्मा उघडला.

'पोळ्याच्या तोंडाशी धूर सावकाश सोडावा. घाई केल्यास माशा चवताळतात.'

मी पान उलटलं. मधमाशा. पुढचं उलटलं. राणीमाशी. खाली कोपऱ्यात आकडा बरोबर अकराच. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मधमाशापालनाचं पुस्तक त्याच आठवड्यात आलं होतं, याच आकाराचं, तेवढ्याच फर्म्यांचं, आणि दोन्हींचे फर्मे भाचेसाहेबांनी लावले होते. नुसता आकडा बघून.

"अगं, पुढे?" मावशी म्हणाली.

खरं सांगायला हवं होतं. पण मी आईकडे बघितलं. तिचं दाभण थांबलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. दहा फर्म्यांत पहिल्यांदा. आणि माझ्या तोंडातून आवाज आला, मोठा, स्वच्छ, जणू समोर छापलेलंच होतं.

"तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. मग शेजारी नोंदवही ठेवली, उघडून. म्हणाली, बोट मी आणली. वहीत नाव माझं लिहा."

पुढे मी कायकाय जोडलं! साहेबांचे चेहरे, बाहेर खलाशांची गर्दी, बोटीचा भोंगा. मावशीनं डोळे पुसले आणि गालाला खळ लावून घेतली.

तेवढ्यात आईनं विचारलं, "ती घाबरली नाही?"

हे माझ्याकडे तयार नव्हतं. मी राणीमाशीच्या चित्राकडे बघत राहिले. शेवटी म्हटलं, "घाबरली होती. टेबलाआड तिचे गुडघे लटलटत होते. पण टेबलाच्या वर फक्त हात दिसत होते, आणि हातांना सुकाणूची सवय झाली होती."

आईनं हात पुढे केला, फर्म्यासाठी, रोजच्यासारखा. दिला मी. काय करणार? तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, बाजूला ठेवला आणि म्हणाली, दोरा संपत आलाय, हा राहू दे. मला वाटलं, सुटले.

कसली सुटले! गुरुवारी वर्गात बसल्याबसल्या जाणवलं की खरा शेवट कुठंतरी आहे. मधमाशांच्या पुस्तकात शिवला गेलाय, ते भाच्यानं सरावाला शिवलं होतं. आणि त्यात कप्तानीण भलतंच वागली असेल तर? आईला कळलं तर? शुक्रवारी मी तयार पुस्तकांची फळी पालथी घातली. कुक्कुटपालन होतं, फळबाग होती, मधमाशा गायब. मी आईला म्हटलं, मला एक सांगायचंय. ती म्हणाली, आता नाही, हात अडकलेत. खरंच अडकले होते, पण ती हसतही होती, आणि आई काम करताना कधी हसत नाही.

शनिवारी शाळा अर्धी. मी इतकी धावले की दप्तराचा बंद तुटला. कारखान्यात मावशी आणि चष्मेकाकू मालकांच्या केबिनच्या काचेला नाक लावून उभ्या. मीही तिसरं नाक लावलं. दार अर्धवट उघडंच होतं.

आत मालक खुर्चीत, भाचा कपाटाशी, आणि टेबलाच्या अलीकडे आई. मालक समजावत होते की भाचा शिकलेला आहे, त्याला हाताखाली तुम्हीच तयार करा, तुमचा मान आहेच. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग कमरेचा कामाचा अॅप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

माझा श्वास काचेवर.

मग पिशवीतून एक पुस्तक काढून तिनं अॅप्रनशेजारी ठेवलं. उघडून.

"वाचा," ती म्हणाली.

मालकांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पोळ्याची निगा, माशांचं खाद्य, पान उलटलं आणि ते थबकले. "ही कोण बाई? आणि कप्तान कुठला?" त्यांनी विचारलं. भाच्याचे कान लाल झाले.

"सोमवारी हे वाचनालयात जाणार होतं," आई म्हणाली. "मी काढून ठेवलं. दोन महिने सगळं मीच बघतेय. पुस्तकं मी बांधते, मालक. मुकादम मला करा आणि चिठ्ठीवर नाव माझं छापा."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण काचेतून मला दिसत होतं, गुडघ्यांपाशी तिची साडी हलत होती. हात टेबलावर, जराही न हलता.

मालकांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. मग भाचाच बोलला. म्हणाला, मामा, मला कटिंगचं मशीन जमतं, वाचनालयांकडे जाणं-येणं जमतं, हे फर्म्यांचं माझ्या डोक्यात बसत नाही. ताईंनाच द्या. त्या दिवसापासून मी त्याला विटांवरून काही बोलत नाही.

मालक म्हणाले, चिठ्ठ्या छापायला टाका. एवढंच. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "पण पुढे काय झालं त्या बाईचं?"

मावशीनं मला इतक्या जोरात मिठी मारली की माझ्या गणवेशावर अजून खळीचा डाग आहे.

दुपारी आईनं मधमाशांचं पुस्तक उसवलं आणि अकरावा फर्मा माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता पितळ उघडं पडलं. मी वाचला, माझ्या नव्या आवाजात, कारण जुना आता सापडत नाही. कप्तानीण टोपी काढते आणि आजारी कप्तानाच्या हातात देते. म्हणते, मी काय, मी फक्त पातेलं खाली ठेवलं. आणि हसून घरी जाते. मागे सूर्य मावळतो.

मग मावशी म्हणाली, "छे, ही ती नाहीच." चष्मेकाकूचं मत पडलं की लिहिणाऱ्याला शेवटी कंटाळा आला असणार.

मी आईला म्हटलं, चुकलं माझं, तो शेवट मी बनवला होता.

"माहीत आहे," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"अगं, वीस वर्षं फर्मे बघतेय. तू उघडलास तेव्हा समोरून मला पोळ्याचं चित्र दिसलं."

मी हिशेब लावला. म्हणजे तिनं विचारलं, ती घाबरली नाही का, तेव्हा तिला माहीत होतं की पुस्तकात उत्तर नाही. ती कप्तानिणीबद्दल विचारतच नव्हती. मला विचारत होती. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून मी मोठ्यानं भांडायला सुरुवात केली की मग तीन दिवस मला का टांगून ठेवलंस.

"तो फर्मा मीही वाचला ना," ती म्हणाली. "धूर सावकाश सोडावा. घाई केली तर माशा चवताळतात."

मग तिनं खरा फर्मा कादंबरीत शिवला. मी कुरकुरले, पण तिनं ऐकलं नाही. ज्याचं पुस्तक त्याचा शेवट, तो आपण कापायचा नाही, म्हणाली. पण नंतर कटिंगमधून उरलेले कोरे कागद तिनं माझ्यासमोर ठेवले, सोळा पानांची घडी घालून. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं अकराचा आकडा.

"लिही तुझा," ती म्हणाली. "आणि टाकेही तूच घाल."

दोन पानं झाली आहेत. बोटाला दाभण चारदा टोचलंय. चौथ्यांदा टोचलं तेव्हा मी सवयीनं म्हटलं, जाऊ दे, आणि मुकादमबाईंनी तिकडून मान वर न करता सांगितलं की तो टाका तिरका गेलाय, उसव आणि पुन्हा घाल.