कूलरची खिडकी

बातमी आली तेव्हा भैयाजीच्या हातात पाण्याचा पाइप होता.

त्या दिवशी सकाळीच बायकोचा, कौसल्येचा फोन येऊन गेला होता. ती नरखेडकडे बहिणीच्या घरच्या लग्नाला गेली होती. लग्न आटोपलं होतं आणि संध्याकाळच्या एसटीनं ती निघणार होती. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अवो, कूलरात पाणी भरून ठेवजा. अन् मी यायच्या आधीच लावून द्या, घर थंड राह्यलं पायजे."

मे महिना होता, भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. ऊन कललं तसा भैयाजी बोळात उतरला आणि खिडकीबाहेरच्या कूलरची टाकी भरायला लागला. पाणी काठाला आलं तेवढ्यात मेहुणीचा, रुखमाबाईचा फोन वाजला. मांडवातली भांडी उचलता उचलता कौसल्या खाली बसली ती उठलीच नाही. ऊन लागलं होतं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पाइप हातातून कधी सुटला ते भैयाजीला कळलं नाही. पाणी बोळभर वाहत राहिलं. शेवटी शेजारच्या सुभद्रेनं येऊन नळ बंद केला.

कूलर त्या दिवशी लागला नाही. नंतरही लागला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि टाकी तशीच भरलेली राहिली. वरच्या पत्र्याची गळती तिच्यात पडत होती, त्यामुळे पाणी आटलंही नाही. आधी ते हिरवं झालं, मग काळं. त्यात आळ्या वळवळायला लागल्या. मनपाची माणसं घरोघर कूलर तपासत आली, तेव्हा भैयाजीनं दारातूनच सांगितलं की आमचा कूलर बंद आहे. ते खोटं नव्हतं. माणसं पुढच्या घरी गेली.

मग गल्लीत डासांचा कहर झाला. सुभद्रेनं पुण्याला पंकजला फोन करून सांगितलं की तुझ्या बापाचे हातपाय चावून चावून सुजले आहेत. पंकज कामाचा पोरगा. त्यानं दुसऱ्याच दिवशी नागपुरातला एक खिडकीवाला शोधला, जाळीची सरकती खिडकी ठरवली, पैसेही तिकडूनच पाठवून दिले. डास येतात म्हणून नवी खिडकी. डास येतात कुठून हे त्यानं विचारलं नाही, आणि भैयाजीनंही सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी खिडकी बसवायचं ठरलं. आदल्या दिवशी खिडकीवाल्या अंकुरचा फोन आला. खोली रिकामी करून ठेवा, हातोड्यानं धूळ फार उडते, कपाट झाका, भिंतीवरचे फोटो काढून ठेवा, कूलरची टाकी रिकामी करा. खिडकीत कपडा कोंबलेला त्यानं मापं घेताना पाहिला होता. त्याची काळजी करू नका म्हणाला, आमचे लोक कटरनं कापतील अन् कचऱ्याच्या गाडीत टाकतील.

भैयाजीनं फोन ठेवला आणि बराच वेळ त्या कपड्याकडे पाहत बसला.

ही खिडकी त्याच्या बापानं हातमागासाठी ठेवलेली. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसायचा, त्याच्या हातावर उजेड पडावा म्हणून जमिनीलगत आणि चांगली रुंद. माग विकला, खड्डा बुजवला, भैयाजी रामदासपेठेत एका दवाखान्याच्या गेटवर चौकीदारी करून निवृत्तही झाला. खिडकी तेवढी राहिली. कूलर तिच्यापुढे अपुरा पडायचा आणि दोन्ही बाजूंना फटी उरायच्या. लोक अशा फटींना प्लायवूड ठोकतात. कौसल्या दर चैत्रात जुन्या कपड्यांच्या पट्ट्या करून कोंबायची आणि सळयांना गाठी मारून टाकायची. मागाच्या कांड्यांवर सूत भरण्यात तिचा जन्म गेलेला. तिची गाठ बारीक आणि घट्ट, विणकराची. या घरात तिच्या हातची शेवटची कामगिरी म्हणाल तर ती तिथं, खिडकीत होती. ती उद्या कोणाच्या कटरनं कापली जावी हे भैयाजीला नको होतं. काढायची तर आपण काढू, गाठ सोडून काढू, एवढंच त्यानं मनाशी धरलं.

पण आधी खोली. त्यानं खाट ओढली तर खाली उंदराच्या लेंड्या आणि मेलेली झुरळं. कोपऱ्यात एक डबा सापडला. तेरवीचे लाडू होते, वर पांढरी बुरशी केसांसारखी वाढलेली. त्याला ती तेरवी आठवली. हात धुता धुता घर कोणाच्या नावावर आहे याची चौकशी करणारे नातेवाईक आठवले. त्यानं डबा लाडवांसकट फेकून दिला. मग कौसल्येचा फोटो उतरवला. तो कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, तिच्या खांद्याला अजून एका परक्या बाईचा अर्धा खांदा चिकटलेला होता. उदबत्तीच्या धुरानं काच चिकट झाली होती, प्लास्टिकच्या हारावर धूळ जाड बसली होती. बोटं पँटला पुसली तरी तो चिकटपणा गेला नाही.

मग तो खिडकीशी खाली बसला. पहिली गाठ सोडायला नखं लागली. पट्टी ओढली तशी पालीच्या अंड्यांची टरफलं मांडीवर पडली. पुढच्या पट्टीत मातीचं घर करून गांधीलमाशी मरून पडलेली. खालच्या पट्ट्या ओल्या होत्या. पाणी झिरपून झिरपून त्यांचा काळा चिखल झाला होता, धरला की बोटांतून लिबलिबीत निसटायचा. मेलेल्या घुशीसारखा वास सुटला. भैयाजी दोनदा मोरीत जाऊन थुंकून आला. त्याला सगळ्याचीच किळस आली. कपड्याची, वासाची, स्वतःच्या काळ्या हातांची. माणूस जातं आणि मागं हे उरतं.

बहुतेक कपडा बाजारचा होता. जुने परकर, पडद्याचं पॉलिस्टर. डाव्या बाजूची शेवटची घडी मात्र जड लागली. त्यानं ती उलगडली.

ते लुगडं होतं. सुती, लाल काठाचं. काठात एका ठिकाणी लाल रंग जरा वेगळा होता. तिथं धागा तुटला होता आणि त्याच छटेचं सूत घरात उरलं नव्हतं. जोडलं त्यानंच होतं. माग विकायच्या आधीचं त्याच्या हातचं शेवटचं लुगडं. कौसल्येनं ते एकदाच नेसलं आणि मग कधी दिसलं नाही. त्याला वाटायचं, बहिणीला देऊन टाकलं असेल.

आणि ते इथं होतं. परकरांच्या चिंध्यांत, कूलरच्या फटीत, अर्धं सडलेलं.

ती गेल्यापासून भैयाजीला पहिल्यांदाच तिचा राग आला. साधा राग नाही, शिसारी आली. एवढीच किंमत होती तर तसं तोंडावर बोलायचं होतं. त्यानं लुगड्याचा बोळा केला आणि चिंध्यांच्या ढिगावर भिरकावला.

तेवढ्यात सुभद्रा दारात आली. नाकाला पदर लावूनच. वास तिच्या स्वयंपाकघरात पोचला होता. चार गोष्टी सुनावायलाच आली होती, पण तिची नजर त्या लाल काठावर गेली.

"हे काहून फेकून राहिले, भाऊजी?"

"ठेवू काय? बोळाच केला तिनं त्याचा."

सुभद्रा हसली. हसणं चांगलं नव्हतं. "माणसाले काही दिसत नाही. तुमची खाट कोणत्या बाजूले राहते?"

भैयाजीची खाट डावीकडेच असायची.

"मी म्हनलं होतं तिले," सुभद्रा म्हणाली, "बाई, चांगलं लुगडं हाय, फटीत कायले घालतं. तं म्हने, बाकीच्या कपड्यातून झळ आत येते. यातून येत नाही. मानसाची झोप तरी होते म्हने."

भैयाजीनं खाली पाहिलं. नवरा काय विणतो हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. किती दाट विणलं आहे ते तिनं हातानं पाहिलं होतं आणि कामाला लावलं होतं.

सुभद्रा जाता जाता बाहेरच्या बोळातल्या टाकीकडे बोट दाखवून म्हणाली, "अन् ते पानी कधी फेकता? गल्लीभर तुमच्या घरचेच मच्छर चावून राहिले."

"फेकतो," भैयाजी म्हणाला.

त्यानं लुगडं बादलीत भिजवलं, उकळत्या पाण्यातून काढलं, पुन्हा साबण लावला. पाणी काळं निघत राहिलं. टाकीकडे तो गेला नाही.

सकाळी अंकुर दोन माणसं घेऊन आला. बोळात उतरला आणि दोन पावलं मागं सरकला. "काका, टाकी खाली नाही केली का? मी तं सांगतलं होतं."

"कूलर तसाच सरकवा," भैयाजी म्हणाला.

अंकुर म्हणाला, बूच काढतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्याचा हात बुचाकडे गेला तसा भैयाजी मध्ये येऊन उभा राहिला. "तिच्यासाठी भरलं होतं. राहू दे."

अंकुरला काही कळलं नाही, पण म्हाताऱ्याशी वाद घालायला त्याच्याकडे वेळ नव्हता. तिघांनी मिळून कूलरचं स्टँड भिंतीकडे ढकललं. पाणी हिंदकळलं आणि आळ्यांसकट एका माणसाच्या पायावर सांडलं. त्यानं शिवी दिली आणि नळ शोधत गेला. आता ते पाणी पावसाचं होतं, पत्र्याचं होतं, मे महिन्यातलं त्यात फारसं काही उरलं नसेल. हे भैयाजीला समजत नव्हतं असं नाही.

दुपारपर्यंत जुनी चौकट निघाली आणि नवी खिडकी बसली. पांढरी, सरकती, बारीक जाळीची. आत होते ते डास आता जाळीवर बसून बाहेर जायला पाहत होते. अंकुरनं जाताना विचारलं की उन्हाळ्यात कूलर कुठं लावणार, या खिडकीत तर तो बसणार नाही. पंकज फोनवर म्हणाला, बाबा, एसी घेऊ.

खोली झाडून झाली. खाट डावीकडे लागली. काच पुसून फोटो भिंतीवर गेला. लुगडं दोरीवर वाळलं, डाग राहिला, वास राहिला, तरी भैयाजीनं ते घडी करून उशाशी ठेवलं.

टाकीतलं पाणी अजून फेकायचं आहे.