महाराजांची खुर्ची

संगणक केंद्रात सकाळपासूनच महाराजांच्या खुर्चीमागे गर्दी होती. महाराज म्हणजे तिथले वरिष्ठ प्रोग्रामर. नाव थट्टेने पडलं होतं, पण थट्टा केव्हाच मागे पडली. महासंगणक एकच आणि वापरणारे शेकडो. रांगेत पाळी येताच ज्याचा प्रोग्राम कोसळे, तो महाराजांकडे धाव घेई. महाराज डोळे मिटून कीबोर्डवर तळहात टेकवत. "यंत्रालाही मन असतं. घायकुत्या माणसाचं ते ऐकत नाही," म्हणत. आणि तोच प्रोग्राम त्यांच्या खुर्चीतून बिनबोभाट चाले. दक्षिणा एकच, शोधनिबंधावर महाराजांचं नाव, आणि तेही पहिलं.

कोपऱ्यातल्या टेबलावरून आत्या हे बघत होत्या. इथेच संशोधन करणारी भाची म्हणे म्हणून सगळं केंद्रच त्यांना आत्या म्हणे. छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या काळापासून त्या इथे होत्या. तेव्हाही एक गृहस्थ कार्डांचा गठ्ठा कपाळाला लावून मगच यंत्रात घाली, आणि लोक आपलेही गठ्ठे त्याच्याच कपाळाला लावून घेत. यंत्रं बदलली, माणसं तीच. या वयात पुन्हा तेच समजावायचं आत्यांच्या जिवावर आलं होतं.

पण आज गर्दीत भाची होती. पुराचं पाणी कुठवर चढेल हे सांगणारा तिचा प्रोग्राम, ऐन उमेदीची वर्षं घातलेला, सारखा कोसळत होता.

"नाव देऊन टाकते त्यांचं, आत्या. निबंध तरी वेळेत जाईल."

"आणि काम कुणाचं, असं परीक्षकांनी विचारलं तर?"

आत्या गुडघे सावरत उठल्या. महाराजांना म्हणाल्या, जरा तिच्या खुर्चीत बसून करून दाखवा. महाराज हसले आणि म्हणाले, जागेचंही माहात्म्य असतं.

"बरं. मग तुमच्या जागेवर मी बसते. तुम्ही हात लावायचा नाही."

आत्यांनी त्यांच्या खुर्चीतून भाचीचा प्रोग्राम पाठवला. डोळे उघडेच होते. प्रोग्राम चालला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग त्या भाचीच्या खुर्चीत गेल्या, तिच्या कामाच्या सुरुवातीला एक ओळ लिहिली आणि पुन्हा पाठवलं. तिथूनही चालला.

आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. इथे असे पुष्कळ होते, हवा तो लोड करावा लागे. भाची तो आपल्या पडद्यावरच्या खिडकीत लोड करी, पण पाळी आली की यंत्र तिचं काम नव्या, कोऱ्या खिडकीत सुरू करी. तिथे प्रोग्रामला लागणारी, कंपायलरसोबत येणारी सामग्रीच सापडत नसे. सकाळच्या पाळीला दिलेला निरोप रात्रपाळीला आपोआप कसा कळणार? महाराजांनी आपल्या खात्यात, जे त्यांच्या खुर्चीसमोर कायम उघडं असे, अशी सोय करून ठेवली होती, की प्रत्येक नव्या खिडकीत तो कंपायलर आपसूक लोड व्हावा. आत्यांच्या त्या एका ओळीने तेच केलं होतं.

"मी कुठे लपवलं?" महाराज म्हणाले. "कुणी विचारलंच नाही."

हे मात्र खरं होतं, आणि त्यानेच आत्या जास्त थकल्या. सामग्री सापडत नाही, असं यंत्र दर वेळी पडद्यावर स्पष्ट लिहीत होतं. ते वाचायच्या आतच लोक महाराजांकडे पळत होते.

भाचीने निबंधावर आधीच लिहून ठेवलेलं महाराजांचं नाव पुसलं. तेवढ्यात एक जण आत्यांपाशी येऊन अदबीने म्हणाला, "आत्या, माझ्याही प्रोग्रामला तेवढा हात लावता का?"

आत्यांनी कपाळाला हात लावला.

"नाही लावणार. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एक गोष्ट बदलून बघावी, बाबा. खुर्ची, नाहीतर माणूस. एका वेळी एकच. आता यंत्र तुला काय सांगतंय, ते मोठ्याने वाच."

तो अडखळत वाचू लागला.