बुटावरची पांढरी साय

व्याहीबुवांनी पोत्यातून खाणकामगाराचा एक बूट काढला आणि थेट कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या मालकीणबाईंच्या जेवायच्या टेबलावर ठेवला. बूट पांढरा पडला होता. मालकीणबाईंची लेक, म्हणजे व्याहीबुवांची सून, पोतं धरून मागे उभी होती.

"विहीणबाई, बुरशी धरली तुमच्या कातड्यानं. माझ्या बुटांच्या कारखान्यातले सगळे जोड असेच झालेत. आता घरात तुमच्या लेकीला कुणी चार शब्द सुनावले, तर मला बोल लावू नका."

मालकीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुन्यातून निघालेली, मांस लोंबणारी कातडी त्यांनी जन्मभर उपसली होती, पण नाक कधी मुरडलं नव्हतं. ती घाण कामाची, धुतली की जाणारी. पण माझ्या कातड्याला बुरशी?

"बुरशी तुमच्या डोळ्यांवर आलीय, व्याहीबुवा! क्रोमच्या पाण्यात कमावून निळं झालेलं कातडं आम्ही ड्रममध्ये घालून गरम तेल आणि मेण पाजतो. पार गाभ्यापर्यंत मुरतं ते. थंडी पडली की त्यातलीच चरबी वर येऊन गोठते. बूट शिवता आणि एवढं ठाऊक नाही?"

त्यांनी कातडं दुमडलं. घडीवर रंग फिकटला, अंगठा फिरवताच पुन्हा गडद झाला. असा बूट दगडमातीत घासून जुना होईल तसा जास्त देखणा दिसतो, हे त्या भेटेल त्याला ऐकवत. लेकीला तर ते तोंडपाठ होतं.

मग त्यांनी शेगडी पेटवली आणि बूट आचेवर धरला. पांढरी साय भराभर वितळली, कातडं चकाकलं.

"बघा! कुठाय बुरशी?"

व्याहीबुवांचं तोंड एवढंसं झालं. पण तेवढ्यात वास सुटला. जुना, खवट, घशाशी येणारा. लेकीनं नाकाला पदर लावला.

"आई, हा तर तळणीचा वास."

मालकीणबाईंनी दाराकडे पाहिलं. त्यांचा मुलगा तिथं उभा राहून स्वतःचे पाय न्याहाळत होता. ड्रम हल्ली तोच बघायचा.

"काय पाजलंस रे कातड्याला?"

"तेलच. खानावळीत तळून उरलेलं. तुझं माशाचं तेल तरी कुठं अत्तर होतं?"

"शेण खाल्लंस ते खाल्लंस, वर बुटालाही चारलंस! हे खवट तेल शिलाईचा दोरा कुजवतं. खाणीत माणसाचा तळवा उघडा पडेल, मेल्या!"

अंगठा चिकट झाला होता. त्यांनी तो फडक्याला पुसला, मग फडकंही शिसारीनं कोपऱ्यात भिरकावलं.

व्याहीबुवा मात्र एकदम खुलले. "म्हणजे बुरशी नाहीच की! मग पुसू, वर पॉलिश मारू आणि देऊ खाणीवर. धुळीनं नाकं चोंदलेली असतात त्यांची, वास कुणाला येतोय? गोष्ट तुमच्याआमच्यात. लेक सुखात नांदेल."

मालकीणबाईंना खरी किळस आता आली. मुलगा मूर्ख होता, त्याला बडवता आलं असतं. पण हा माणूस हसत होता, आणि त्याच्याच घरात त्यांची लेक जेवत होती.

त्यांनी कातडं कापायची सुरी घेतली आणि बूट टाचेपासून बोटांपर्यंत चिरला.

"सगळे जोड परत आणा. एकूण एक कापते. कातडं नवं देईन, चांगलं देईन, पण हे माझ्या नावावर कुणाच्या पायात जाणार नाही."

"मग हिलाही ठेवून घ्या इथंच!" व्याहीबुवा ताडकन उठले.

"ठेवते की. तिला वास तरी येतो."

व्याहीबुवांनी सुनेकडे पाहिलं. "चल."

लेक हलली नाही. तिनं पोत्यात हात घालून दुसरा बूट काढला, टेबलावर आपटला आणि आईपुढे तळहात पसरला.

"सुरी दे."

"हळू," मालकीणबाई म्हणाल्या, "धार आहे तिला."

आणि त्यांनी सुरीची मूठ लेकीच्या हातात दिली.